नवरदेव देवळातून उतरेपर्यंत

लोहाऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात बँडच्या लाल कोटाला इस्त्री करणारा माणूस एकच, तो म्हणजे मल्लिनाथ. बाकीच्या पोरांचे कोट बोचक्यात कोंबले जायचे आणि बोचक्यातूनच थेट अंगावर चढायचे. मल्लिनाथचा कोट खुंटीला, तोही हँगरवर. वीसेक वर्षं फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस तो. थोरल्या भावाच्या, गोरोबाच्या बँडपथकात उभा राहिला तरी त्याची टाच टाचेला लागलेली असायची. पोरं पाठीमागं हसायची, त्याला ते कळायचं आणि तो दुर्लक्ष करायचा.

दोघा भावांत वाजवण्याचं जमीन-अस्मानाचं अंतर होतं. गोरोबाला कागदावरचे सूर वाचता येत नव्हते आणि येत नाहीत याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. गाणं संपलं की त्यातलाच एक तुकडा उचलायचा, उलटासुलटा करायचा, लांबवायचा, त्यात कुठल्या तरी भजनाची चाल घुसवायची आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत मूळ गाण्यावर येऊन हजर व्हायचं, ही त्याची तऱ्हा. मल्लिनाथला हे जमायचं नाही. फौजेत त्यानं मोठमोठ्या परदेशी रचना वाजवल्या होत्या, ज्यांत पन्नास-साठ माणसं एका क्षणी श्वास घेतात आणि एका क्षणी थांबतात. कागदावर आहे तेच वाजवायचं, तेवढंच आणि तसंच. त्यात त्याला सुख होतं, आणि ते सुख खोटं नव्हतं.

फौजेत अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कधी कधी जॅझ वाजवावं लागायचं. त्या कागदांत मध्येच काही घरं रिकामी असायची. वाजवणाऱ्यानं तिथं उभं राहून आपल्या मनाचं वाजवायचं. केरळचे बँडमास्तर म्हणायचे, "मल्लिनाथ, इधर काग़ज़ ख़ाली है, मतलब इधर तू है." या वाक्यानं मल्लिनाथला हुरूप येण्याऐवजी धडकी भरायची. ते घर जवळ आलं की तो शेजारच्या सॅक्सोफोनवाल्याला कोपरानं खुणवायचा, आणि तो पठ्ठ्या वाटच बघत असल्यासारखा उठायचा. अख्खी नोकरी संपली, पण मल्लिनाथ त्या रिकाम्या घरात एकदाही उभा राहिला नाही. आता गावी आलो, सुटलो, असं त्याला वाटलं. तिथंच तो फसला.

त्या भागात लग्नाच्या दिवशी परण्या निघतो. जानवशातून नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो, मुलीकडच्यांनी दिलेला नवा पोशाख तिथं अंगावर चढवतो, नारळ फोडतो आणि मग मंडपाकडं येतो. नवरदेव देवळात शिरल्यापासून शेवटची पायरी उतरेपर्यंत बँड थांबायचा नाही, ही रीत. मध्येच सूर तुटला तर संसार मध्येच तुटतो, असं म्हाताऱ्या सांगतात, आणि म्हाताऱ्यांशी या बाबतीत वाद घालणारा त्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचाय.

दोनेक वर्षांपूर्वी तेरजवळच्या एका लग्नात गोरोबाला ताप चढला, म्हणून पुढं मल्लिनाथ उभा राहिला. नवरदेव देवळात गेला आणि मल्लिनाथनं फौजेतली एक रचना काढली. इतकी देखणी वाजवली की वऱ्हाडी पान खायचे थांबले. रचना संपली. संपली म्हणजे संपली. त्यानं हात वर करून ढोल थांबवला, क्लॅरिनेट खाली घेतली आणि टाचेला टाच लावून उभा राहिला. देवळातली रीत त्या घटकेला त्याच्या ध्यानातच नव्हती; त्याला वाटलं, लोक आता वाहवा करतील. लोक त्याच्याकडं भूत बघितल्यासारखे बघत होते. आत नवरदेवानं फोडलेल्या नारळाचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू आला. ढोलवाल्या बिराप्पानं घाईनं टिपरू हाणलं खरं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढं ती मुलगी वर्षाच्या आत माहेरी आली. नवरा दारू पिऊन मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नवऱ्याला बोल लावण्यापेक्षा बँडला लावणं सोपं. मल्लिनाथनं त्यानंतर पुढं उभं राहणं सोडलं आणि तो दुसऱ्या ओळीत गेला.

आणि आता निकिताचं लग्न ठरलं. निकिता गोरोबाची एकुलती एक लेक. मल्लिनाथला मूलबाळ नव्हतं. सुट्टीवर आलेल्या काकाची ट्रंक उघडायचा हक्क लहानपणापासून तिचा, आणि ट्रंकेत तिच्यासाठी काही नसलं असं कधी झालं नाही. लातूरला शिकताना तिला उमरग्याकडचा विरेश भेटला, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आणि मग घरच्यांची मनं वळवता वळवता दोघांच्याही नाकी नऊ आले. सगळ्यात शेवटी वळली ती विरेशची आजी, म्हाळसाबाई. ती वळली, पण पुरती नाही. तेरची ती माहेरी आलेली मुलगी तिची भाची होती, आणि त्या लग्नात देवळासमोर म्हाळसाबाई स्वतः बसलेली होती.

साखरपुड्यात जेवणं आटोपल्यावर तिनं गोरोबाला समोर बसवून घेतलं. "बँड तुमच्या घरचाच म्हणं?"

"व्हय आजी, घरचाच."

"आन् त्यो मधीच थांबल्याला गडी कुठं हाय?"

मल्लिनाथ तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"बगा, म्या जुनी बाई हाय," म्हाळसाबाई म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच नव्हती. "एका पोरीचं वाटुळं डोळ्यानं बगितलंय. माजा नातू आत असताना सूर तुटला, तर परण्या तिथनंच माघारी नेईन. मग मला नावं ठिवू नका."

घरी आल्यावर मल्लिनाथ भावाला म्हणाला, "आण्णा, दुसरा बँड सांगा. न्हायतर वाजवणारा तरी बगा कुणी."

"माज्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याचा बँड? लोक तोंडात शेण घालतील की. आन् वाजवणारा कुठनं आणू? तिथी दाट हाय, सोलापूरपतोर समदे गुतलेत."

"मग तुमीच वाजवा."

गोरोबा हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "पोरीच्या बापानं व्याह्यापुढं क्लारनेट तोंडाला लावायची? फेटा बांधून हात जोडून उभं ऱ्हायाचं असतंय मला. तू हायस की."

मल्लिनाथनं मग आपल्याला येत होतं ते केलं. त्यानं रचना लिहायला घेतली. हळदीच्या गाण्याची एक जुनी चाल धरली, तिचे तीन भाग केले. पहिल्या भागात क्लॅरिनेट चाल सांगते, मग गप्प होते आणि दोन ट्रंपेट तीच चाल वरच्या पट्टीत घेतात. मग क्लॅरिनेट उत्तर देते, पुन्हा गप्प होते. कोण कधी बोलणार, कोण कधी थांबणार, सगळं पक्कं. महिनाभर त्यानं पोरांना शेडमध्ये घोटवून घेतलं. कंटाळलेली पोरंसुद्धा शेवटी शेवटी ती चाल गुणगुणत मोटारसायकल धुवायला लागली. रचना खरोखर सुंदर होती. एवढी लांब की साधा नवरदेव दोनदा पोशाख बदलून आला असता.

"देवळात झोपला तरी पुरंल," मल्लिनाथ बिराप्पाला म्हणाला.

"आन् उठलाच न्हाय तर?" बिराप्पानं विचारलं. मल्लिनाथला हा विनोद अजिबात आवडला नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. परण्या देवळापाशी आला, विरेश घोड्यावरून उतरला, चप्पल काढून आत गेला. पोशाखाची पिशवी घेऊन त्याचे मित्र मागोमाग गेले. समोर कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत म्हाळसाबाई बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि नजर मल्लिनाथवर रोखली. मल्लिनाथनं क्लॅरिनेटवर बसवलेल्या पकडीत कागद अडकवला, बिराप्पाला मान हलवून खूण केली आणि सुरू केलं.

पहिला भाग असा उतरला की बायका आपसांत बोलायच्या थांबल्या. ट्रंपेटवाली पोरं वेळेवर आली, वेळेवर थांबली. दुसऱ्या भागात मल्लिनाथच्या छातीवरचा धोंडा जरा हलका झाला. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी त्यानं देवळाच्या दाराकडं पाहिलं. दार बंद. तेवढ्यात नवरदेवाचा एक मित्र घाईघाईनं बाहेर आला, मोटारसायकलला किक मारली आणि लोहाऱ्याच्या रस्त्यानं सुसाट गेला.

बातमी ढोलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बिराप्पा मल्लिनाथच्या कानाशी वाकून म्हणाला, "शिंप्यानं पिशव्या बदलल्या. कोट नवरदेवाचा हाय, पँट भलत्याचीच. दोन विरेश मावत्याल तिच्यात."

मित्रांनी अंगावरच्या जुन्या पँटवरच बाहेर यायचा सल्ला विरेशला दिला होता. पण म्हाळसाबाईनं आत निरोप धाडला, मुलीकडचा पोशाख पुरता अंगावर असल्याशिवाय पायरी उतरायची नाही. म्हणजे लोहाऱ्याला जाऊन, शिंप्याला गाठून, दुसऱ्या लग्नघरी गेलेली पँट शोधून आणेपर्यंत वाजवायचं. मल्लिनाथनं लोहाऱ्याच्या रस्त्याकडं पाहिलं. ओठ मात्र वाजवत राहिले, वीस वर्षांच्या सवयीनं.

रचना संपत आली तशी त्यानं बोटानं वर्तुळ काढून दाखवलं, पुन्हा पहिल्यापासून. पोरांनी घेतली. दुसरी फेरी पहिलीसारखी उतरली नाही. तोंडं सुकलेली, ऊन थेट कपाळावर. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा एका ट्रंपेटवाल्याचा सूर नुसता फुसफुसला. त्यानं ट्रंपेट खाली घेतली, ओठाला हात लावला, बोटावर रक्त आलं. दुसऱ्यानं एकट्यानं थोडा वेळ रेटलं आणि त्याचेही ओठ सुटले. पोरांचा काही दोष नव्हता. असल्या उन्हात कुणी एवढं वाजवत नाही.

मल्लिनाथच्या वाट्याची ओळ संपली. पुढं कागदावर क्लॅरिनेटला विश्रांती होती, त्यानंच लिहिलेली. तिथं ट्रंपेट बोलायच्या होत्या आणि त्या गप्प होत्या. नुसता ढोल वाजत राहिला, धप् धप्, आणि वर सूर नाही.

म्हाळसाबाईनं मांडीवरची काठी उभी केली. "सूर कुठं गेला?" तिनं विचारलं. विचारलं हळूच, पण लिंबाखालची सगळी माणसं तिच्याकडं वळली. ती खुर्चीतून अर्धी उठली होती.

मल्लिनाथनं क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि काहीतरी वाजवलं. मागचीच ओळ, पण तिचं इथं काही काम नव्हतं. ती ढोलाच्या तालात बसेना, अर्ध्यावर लंगडी झाली. गर्दीत कुणी तरी चुकचुकलं. मल्लिनाथच्या मानेवरून घाम कोटाच्या कॉलरमध्ये उतरत होता. मनात एकच धोशा, माझ्यामुळं पोरीचं लग्न मोडतंय. तिनं दीड वर्ष घरच्यांशी झगडून मिळवलेलं माझ्या तोंडातून सुटून चाललंय.

गोरोबाला मंडपात कुणी तरी सांगितलं असावं. तो धावतच आला. गुलाबी फेटा एका बाजूला कललेला, अंगात नवा सदरा. तो येऊन मल्लिनाथच्या अगदी शेजारी उभा राहिला, आणि त्याचा हात आपोआप क्लॅरिनेटकडं गेला. मल्लिनाथला तो हात दिसला. द्यावी का? दिली तर सूर तुटणार नाही, गोरोबा संध्याकाळपर्यंत वाजवत बसेल. पण म्हाळसाबाई बघतेय, व्याही बघतायत, आणि नवरीच्या बापानं वरपक्षापुढं वाजवलं हे निकिताला जन्मभर ऐकावं लागेल. गोरोबालाही हे त्याच क्षणी आठवलं असणार. त्यानं हात मागं घेतला आणि फेटा सरळ केला.

मल्लिनाथनं घाईत पुढचा सूर घेतला आणि तो चुकला. गंधार जिथं लागायचा तिथून खाली लागला, हळदीच्या गाण्यात कधी न लागणारा, दुखरा सूर. भर गर्दीत, सगळ्यांदेखत. फौजेत असा सूर लागला असता तर त्यानं आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं.

"त्योच घे परत," गोरोबा दातांमधून म्हणाला.

मल्लिनाथनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं पाहिलं.

"मल्लू, चुकला त्योच सूर घे म्हणतोय. दाबून घे. लोकांस्नी वाटू दे, मुद्दाम घेतलाय."

मल्लिनाथनं तोच सूर पुन्हा घेतला. या वेळी लांब धरला. आणि धरल्यावर त्याला तो ओळखू आला. मेसमधल्या संध्याकाळी सॅक्सोफोनवाला रिकाम्या घरात उभा राहून हाच उतरलेला गंधार घ्यायचा. तेव्हा मल्लिनाथ खाली बसून त्याच्याकडं बघायचा आणि मनातून त्याचा हेवा करायचा. आता तोच सूर हळदीच्या चालीत शिरला होता आणि शोभत होता. नवरीच्या घरात हळदीच्या दिवशी जे एक रडू कोपऱ्यात दबा धरून बसलेलं असतं, ते त्यात ऐकू येत होतं. बिराप्पाला काय कळलं कोण जाणे, त्यानं ढोलाचा ठोका जरा मागं खेचला. मल्लिनाथ त्या खेचलेल्या ठोक्यावर टेकला आणि पुढं गेला.

कागद पकडीत फडफडत होता. त्याकडं तो बघत नव्हता. एक तुकडा घेतला, तो आवडला नाही, सोडला. दुसरा घेतला. तो फिरवता फिरवता कुठं चाललाय हे त्याला माहीत नव्हतं, आणि भीती तर अजून पोटात तशीच होती, गेलेली नव्हती. पण भीती पोटात असताना वाजवता येतं, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं; किंवा सांगितलं असेल, यानं ऐकलं नसेल. दम संपला की तो मध्येच श्वास घेत होता, खुशाल, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्या श्वासाएवढी जागा बिराप्पा भरत होता. म्हाळसाबाई खाली बसली. काठी पुन्हा मांडीवर गेली. गोरोबा हात जोडून उभा होता, म्हणजे व्याह्यांकडं तोंड करून हात जोडलेले, आणि बोटं मात्र एकमेकांवर भराभर चालत होती.

मोटारसायकल आली. दार उघडलं, बंद झालं. आणखी थोडा वेळ गेला, तो मल्लिनाथला फार मोठा वाटला. मग दार सताड उघडलं आणि विरेश बाहेर आला, नखशिखान्त नव्या पोशाखात, चेहरा लाजेनं लालबुंद. एक पायरी, दुसरी पायरी. शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय जमिनीवर टेकला तेव्हा मल्लिनाथ चालीच्या भलत्याच टोकाला होता. तिथून त्यानं कसाबसा घरचा सूर गाठला आणि क्लॅरिनेट खाली घेतली. शेवट काही देखणा झाला नाही. पोरांनी तरी शिट्ट्या मारल्या.

म्हाळसाबाई जाता जाता त्याच्यासमोर थांबली. तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. "भाचीच्या येळंला असं वाजवलं असतंस तर," ती म्हणाली आणि पुढं गेली. हे बोलणं बोचलं, आणि ते खरंही नव्हतं. 

लग्न लागलं. पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर पाठवणीची गाडी दारात आली आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. निकिता सगळ्यांच्या पाया पडत पडत काकापाशी आली. रडून तिचं काजळ पसरलं होतं.

"काका, सगळे सांगायलेत तुम्ही काय वाजवलं ते. मला न्हाय ऐकू आलं. मी आत साडी नेसत होते, बायकांचा नुसता कलकलाट. तेच वाजवा की एकदा. माझ्यासाठी."

तिनं काही मागितलं आणि काकानं दिलं नाही, असं आजवर घडलेलं नव्हतं. मल्लिनाथनं क्लॅरिनेट उचलली. तो उतरलेला गंधार लावला, आणि पुढं काय होतं ते त्याला आठवेना. एकदा वाजवलेलं हजारदा हुबेहूब वाजवणारा माणूस तो. बोटं भोकांवर होती, पण दुपारचं त्यांतून पार पुसून गेलं होतं. निकिता वाट बघत उभी होती. गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

"ते गेलं, बाळा," तो म्हणाला. "ते परत न्हाय येणार. दुसरं वाजवतो, चालंल?"

तिनं मान हलवली आणि ती गाडीत बसली. मल्लिनाथनं डोळे मिटले आणि दुसरं सुरू केलं, कुठलं ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ट्रंकेत वाकून बघणारी परकरी पोर त्यात होती एवढं मात्र त्याला कळत होतं. गाडी हलली. निकितानं काच खाली केली आणि कान बाहेर काढल्यासारखी मान बाहेर काढली. गाडी वळणावर गेली, दिसेनाशी झाली. माणसं पांगली. बिराप्पानं ढोलाचा पट्टा गळ्यातून काढला. मल्लिनाथ वाजवतच होता.

गोरोबा त्याच्याजवळ आला. फेटा त्यानं काढून काखेत धरला होता, डोळे सुजले होते. "गेली गाडी, मल्लू," तो म्हणाला. "थांब आता."

मल्लिनाथनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. क्लॅरिनेट ओठांत होती तोवर त्याला रडता येत नव्हतं, आणि थोरल्या भावासमोर तरी त्याला रडायचं नव्हतं.